ओटीपी सांगितला म्हणजे सही केली

१९५० साली सर्वोच्च न्यायालयापुढे बंगालच्या शेती आयकर कायद्याखालचे एक प्रकरण आले. करदाता निरक्षर होता. विवरणपत्रावर त्याचे नाव मुलाने लिहिले होते, वडिलांच्या वतीने. न्यायालयाने ती सही मानली नाही. माणसाने स्वतः सही करावी असे कायदा म्हणतो, तेव्हा त्या सहीला त्या माणसाचा हात लागलाच पाहिजे, असा त्या निकालाचा गाभा. लिहिता येत नसेल तर अंगठा उठवावा, खूण करावी. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण ही सहीच, असे कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणारा जनरल क्लॉजेस कायदा आजही म्हणतो. पण लेखणी दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होता येणार नाही.

आज ती लेखणी म्हणजे मोबाइलवर येणारे सहा आकडे. जुलै महिन्यात घराघरांतून एकच संवाद ऐकू येतो : ‘सर, ओटीपी आलाय, सांगू का?’ समोरून ‘सांगा’ म्हणतात, आकडे सांगितले जातात आणि वर्षभराच्या उत्पन्नाबद्दलची प्रतिज्ञा झालेली असते. ज्याची प्रतिज्ञा झाली त्याने विवरणपत्र पाहिलेलेही नसते. आपण सही केली हेच बहुतेकांना माहीत नसते. ही पद्धत मोडायला हवी, आणि ती मोडण्याचे काम एकट्या करदात्यावर टाकून भागणार नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. इथे १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम क्रमांक वापरले आहेत, कारण मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाची विवरणपत्रे त्यालाच धरून आहेत. विवरणपत्रावर सही कोणाची, हे कलम १४० ठरवते. व्यक्तीचे असेल तर त्या व्यक्तीची. ती भारताबाहेर असेल, किंवा अन्य कारणाने तिला सही करणे शक्यच नसेल, तर तिने रीतसर अधिकार दिलेल्याची, आणि अशा माणसाकडे वैध मुखत्यारपत्र हवे. मानसिकदृष्ट्या अक्षम असेल तर पालकाची किंवा तिच्या वतीने वागण्यास सक्षम असलेल्याची. हिंदू अविभक्त कुटुंबात कर्त्याची, कंपनीत व्यवस्थापकीय संचालकाची, भागीदारी संस्थेत व्यवस्थापकीय भागीदाराची, एलएलपीत (मर्यादित दायित्व भागीदारीत) नियुक्त भागीदाराची. या यादीत सीए नाही, कर सल्लागार नाही, ‘आमचे रिटर्न बघणारे काका’ही नाहीत. कलम २८८ प्रमाणे सीए किंवा वकील तुमच्या वतीने अधिकाऱ्यापुढे उभा राहू शकतो, बाजू मांडू शकतो. विवरणपत्रावरची प्रतिज्ञा मात्र त्याला करता येत नाही. ‘मला वेळ नाही’ हे ‘मला शक्य नाही’ या सदरात बसत नाही.

२०१४ च्या वित्त कायद्याने या कलमातून ‘सही’ हा शब्दच काढला आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून फक्त ‘सत्यापन’ ठेवले. संगणकावर भरायच्या विवरणपत्रासाठी ते गरजेचे होते. पण शब्द गेला तसे गांभीर्यही गेले. कागदावर नावाखाली सही करताना माणूस निदान एकदा वरच्या आकड्यांवर नजर टाकायचा. सत्यापनाच्या मजकुरात मात्र काहीच सौम्य झालेले नाही. मी अमुक, तमुक यांचा मुलगा किंवा मुलगी, माझ्या माहितीप्रमाणे आणि विश्वासाप्रमाणे विवरणपत्रातली व परिशिष्टांतली माहिती बरोबर आणि पूर्ण आहे, अमुक नात्याने मी हे भरत आहे आणि तसे भरण्यास मी सक्षम आहे, असे त्यात ठामपणे लिहिलेले असते. खोटी प्रतिज्ञा केली तर कलम २७७. बुडवलेल्या कराच्या रकमेप्रमाणे त्यात कैद आणि दंड, दोन्हींची तरतूद आहे.

तुरुंगाची वेळ फार थोड्यांवर येते. पैशाचा दंड मात्र साध्या पगारदाराच्या दारात येऊन उभा राहतो. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातला कर्मचारी घ्या. त्याच्या नावे कोणीतरी राजकीय पक्षाला १ लाख रुपये देणगी दाखवली, जी त्याने दिलेलीच नाही. उपकर धरून ३१,२०० रुपये कर वाचला. परताव्यावर १० टक्के ठरले असतील तर सल्लागाराला ३,१२० रुपये मिळाले. हे उघडकीस आले की ३१,२०० रुपये कर परत भरायचा आणि चुकीची माहिती दिली म्हणून कलम २७० अ प्रमाणे त्याच्या २०० टक्के, म्हणजे ६२,४०० रुपये दंड. बेरीज ९३,६००, व्याज वेगळे. ३,१२० घेणाऱ्याचे नाव त्या विवरणपत्रावर कुठेच नसते.

ही भीती कल्पनेतली नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटींविरुद्ध देशभरात १५० ठिकाणी तपासणी सुरू केली. ज्या राज्यांत आधी कारवाई झाली होती त्यांत महाराष्ट्राचेही नाव होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने सांगितले. त्याच निवेदनातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही मध्यस्थ ठोक भावाने विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ईमेल पत्ते उघडतात आणि काम झाले की सोडून देतात, त्यामुळे विभागाच्या नोटिसा कोणी वाचतच नाही. म्हणजे करदात्याची सही दुसऱ्याने वापरायची, आणि त्या सहीबद्दल विचारणा झाली तर तीही त्याच्यापर्यंत पोचू द्यायची नाही. उत्तर न आल्यामुळे एकतर्फी आदेश निघतो आणि माणसाला ते कळते पुढच्या वर्षीचा परतावा जुन्या मागणीपोटी वळता झाल्यावर.

यावर सल्लागारांची बाजू आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. शेवटच्या आठवड्यात पोर्टल रखडते, अशिलाकडून बँकेचे कागद आदल्या रात्री येतात, कोणी फोन उचलत नाही, कोणाला पासवर्ड आठवत नाही. पासवर्ड आणि मोबाइल आमच्याकडे नसेल तर निम्मी विवरणपत्रे मुदतीत जाणारच नाहीत, असे ते म्हणतात. अडचण खरी आहे. तिच्यावरचा उपाय मात्र पोर्टलवरच आहे, तो वापरायची सवय नाही. विवरणपत्र अपलोड करणे आणि त्याचे सत्यापन करणे ही दोन वेगळी कामे आहेत. सल्लागाराने अपलोड करावे, ‘नंतर सत्यापन’ निवडावे आणि पीडीएफ व पोचपावती क्रमांक अशिलाला पाठवावा. अशिलाने ३० दिवसांच्या आत स्वतः सत्यापन करावे. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. पोर्टलच्या पहिल्याच पानावर ‘ई-व्हेरिफाय रिटर्न’ ही जोडणी आहे. पॅन, आकारणी वर्ष, पोचपावती क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकला की पुढचा रस्ता खुला होतो. आधारचा ओटीपी १५ मिनिटे चालतो आणि तीनच प्रयत्न मिळतात. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर बँक किंवा डीमॅट खात्यातून मिळणारा दहा अक्षरी ईव्हीसी, म्हणजे सत्यापनाचा संकेतांक, घ्यावा, तो ७२ तास चालतो. नेटबँकिंगमधूनही जाता येते.

हे काहीच जमत नसेल तर आयटीआर-व्ही, म्हणजे सत्यापनाचा कागदी नमुना, छापावा, निळ्या शाईने सही करावी आणि बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला, पिन ५६०५००, टपालाने पाठवावा. बारकोडवर सही जाऊ देऊ नये, घडी त्यावर येऊ देऊ नये. इथे एक मोठा खड्डा आहे. पूर्वी यासाठी १२० दिवस होते, १ ऑगस्ट २०२२ पासून ३० झाले. आणि २०२४ च्या अधिसूचनेनंतर पत्र टाकल्याची नाही, ते बंगळुरूला पोचल्याची तारीख धरली जाते. एकतिसाव्या दिवशी पोचले तर सत्यापनाची ती तारीखच विवरणपत्र भरल्याची तारीख होते. ३१ जुलैला वेळेत भरलेले रिटर्न एका उशिरा पोचलेल्या पाकिटामुळे ऑगस्टअखेरचे ठरते. मग ५,००० रुपये विलंब शुल्क (उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००), शेअरमधला तोटा पुढे ओढण्याचा हक्क गेला, पगारदाराला जुनी करप्रणाली निवडण्याची संधीही गेली. पाकीट विसाव्या दिवसाच्या आत टपालात पडेल असे बघावे.

हौसिंग सोसायट्यांमध्ये हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते, आणि महाराष्ट्रात तिचा फटका किती जणांना बसत असेल याची मोजदाद कोणी करत नाही. सोसायटीच्या विवरणपत्राचे सत्यापन तिच्या पदाधिकाऱ्याने करायचे असते. निवडणूक होते, समिती बदलते, सेक्रेटरी बदलतो. बँकेतल्या सह्या आठवणीने बदलल्या जातात, आयकर पोर्टलवरच्या ‘की पर्सन’मध्ये, म्हणजे संस्थेच्या जबाबदार माणसाच्या नोंदीत, मात्र जुनेच नाव राहते. ऑक्टोबर अखेरीस लेखापरीक्षकाने विवरणपत्र अपलोड केले की ओटीपी जातो माजी सेक्रेटरीकडे, जे फ्लॅट विकून कधीच दुसरीकडे गेलेले असतात. तीस दिवस निघून जातात. उशिराचे विवरणपत्र म्हटले की कलम ८० एसी आडवे येते आणि सहकारी संस्थांना मिळणारी कलम ८० पीची वजावट जाते. सहकारी बँकेतल्या ठेवींवर ४ लाख रुपये व्याज आणि दुसरे करपात्र उत्पन्न काही नाही, असे धरले तर जिथे कर शून्य असता तिथे उपकरासह १,२१,६८० रुपये भरावे लागतात. सभासदांच्या देखभाल खर्चातून. समितीची पहिली सभा झाली की ठरावाच्या प्रतीसह पोर्टलवरचे नाव बदलणे, हे काम बँकेच्या सह्यांइतकेच तातडीचे आहे.

कंपन्या आणि कर लेखापरीक्षणाखाली येणारे व्यावसायिक यांना डिजिटल सही लागते, आणि तिथे तर परिस्थिती याहून वाईट आहे. ही सही ज्यात साठवलेली असते ते पेनड्राइव्हसारखे उपकरण म्हणजे डोंगल. सल्लागारांच्या अनेक कार्यालयांत एका खणात पन्नास-साठ डोंगल असतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, चिठ्ठीच्या मागे पिन. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधले कलम ४२ अगदी स्पष्ट आहे : खासगी किल्लीवरचा (डिजिटल सही उमटवणाऱ्या गुप्त संकेतावरचा) ताबा स्वतःकडे राहील याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घेतली पाहिजे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणे हा कलम ६६ सी खाली ३ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. पण खणातून डोंगल काढून लावणाऱ्याने लबाडी केली हे सिद्ध कसे करणार? डोंगल तुम्हीच दिलेत, पिन तुम्हीच सांगितलात. शिवाय ते डोंगल एकट्या आयकराचे नसते. तेच जीएसटीला चालते, कंपनी निबंधकाकडच्या फॉर्मला चालते, निविदेला चालते. कोऱ्या चेकबुकवर सह्या करून ते दुसऱ्याच्या घरी ठेवायला कोणी तयार होणार नाही. तीन वर्षे चालणारे डोंगल मात्र सहज सोडून येतात. डोंगल आपल्या कपाटात ठेवावे. महिन्यातून एक दिवस ठरवून सल्लागाराच्या माणसाला बोलवावे आणि पिन स्वतः टाकावा.

जीएसटीतही वेगळे काही नाही. विवरणपत्र जीएसटी प्रॅक्टिशनरने भरले तरी त्यातल्या माहितीच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यक्तीचीच राहते, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ४८ सांगते.

आता अशी माणसे, ज्यांच्याकडे खरोखरच दुसरा मार्ग नसतो. सर्वांत जास्त चूक होते ती मृत्यूनंतर. वडील गेले, त्यांचे सिमकार्ड घरात चालू आहे, आधारला तोच मोबाइल आहे, म्हणून मुलगा त्यांच्याच ओटीपीने त्यांचे विवरणपत्र भरतो. हेतू वाईट नसतो. पण मेलेला माणूस प्रतिज्ञा करू शकत नाही, आणि पुढे वारसांत वाद झाला किंवा परतावा अडकला की हे विवरणपत्र कोणी केले याचे उत्तर देता येत नाही. योग्य रस्ता असा : वारसाने स्वतःच्या पॅनने लॉगिन करावे, प्रतिनिधी करदाता म्हणून नोंदणीत ‘मयत, कायदेशीर वारस’ हा प्रकार निवडावा, मृत्यूचा दाखला, मृताचे पॅन, वारसाचा पुरावा आणि हमीपत्र जोडावे. वारस दाखल्यासाठी लोक अडून बसतात. महाराष्ट्रात तो दिवाणी न्यायालयातून, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो आणि वेळ लागतो. पण त्यावाचूनही भागते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा नॉमिनीचे नाव दाखवणारे बँकेचे पत्र पोर्टलवर चालते.

याहून अवघड आहे तो स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांचा प्रश्न. लोक म्हणतात, आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपते, आणि क्षमता गेल्यावर नवे करता येत नाही. कलम १४० मध्ये इथे मुखत्यारपत्राची अटच नाही. पालक किंवा ‘सक्षम अशी अन्य व्यक्ती’ पुरेशी आहे. ही सक्षम व्यक्ती कोण, हे मात्र कुठेच नीट सांगितलेले नाही. न्यायालयातून पालक नेमून घेणे महिनोन्‌महिन्यांचे काम, म्हणून घरातले लोक गुपचूप ओटीपी वापरतात. सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि जोडीदाराचे किंवा अपत्याचे प्रतिज्ञापत्र एवढ्यावर ही नोंदणी व्हायला हवी. सरळ मार्ग अरुंद ठेवला तर माणसे आडमार्गाने जातात आणि कायद्याला ते दिसतही नाही.

गोव्यात आणखी एक पेच आहे. तिथल्या समाईक मालमत्तेच्या विवाह कायद्यामुळे पगार सोडून बाकीचे उत्पन्न कलम ५ अ प्रमाणे पती-पत्नीत निम्मे-निम्मे विभागले जाते. त्यासाठी विवरणपत्रात वेगळे परिशिष्ट आहे. म्हणजे पत्नी तिच्या प्रतिज्ञेत नवऱ्याच्या दुकानाच्या निम्म्या नफ्याचीही ग्वाही देते, आणि अनेकदा तो आकडा तिला त्या परिशिष्टातच पहिल्यांदा दिसतो. दिसला तर. दोघांची विवरणपत्रे एकच सल्लागार एकाच मोबाइलवरून भरत असेल तर तेही नाही.

म्हणून माझी मागणी तीन बदलांची आहे. पहिला : सत्यापनाआधी करदात्याला आकडे दिसलेच पाहिजेत. आधारचा ओटीपी युआयडीएआय, म्हणजे आधार देणारे प्राधिकरण, पाठवते, त्या संदेशात उत्पन्नाचा एकही आकडा नसतो आणि तो तिथे घालणे सोपेही नाही. पण त्याच्या अगोदर आयकर विभागाने आधारला जोडलेल्या मोबाइलवरच, करदात्याने निवडलेल्या भाषेत, एक संदेश पाठवावा : एकूण उत्पन्न इतके, वजावटी इतक्या, त्यातली सर्वांत मोठी अमुक कलमाखालची, परतावा इतका, तो या बँक खात्यात जाणार. ज्याने कधी देणगी दिलेली नाही त्याला ‘देणगी १,००,०००’ हे दोन शब्द वाचायला पाच सेकंद लागतात.

दुसरा : प्रोफाइलमधला मोबाइल किंवा ईमेल आधारशी जुळत नसेल तर नोटीस दोन्हीकडे जावी. परदेशातल्या करदात्यांसाठी अपवाद ठेवावा लागेल. त्यांच्यापैकी अनेकांचा आधारचा मोबाइल बंद झालेला असतो आणि ते एनआरओ खात्याच्या, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्याच्या, नेटबँकिंगमधून सत्यापन करतात.

तिसऱ्या बदलाला सर्वांत जास्त विरोध होईल : पैसे घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक त्या विवरणपत्रावर असलाच पाहिजे. अमेरिकेत पैसे घेऊन विवरणपत्र भरणाऱ्याने स्वतःची सही आणि नोंदणी क्रमांक टाकणे बंधनकारक आहे. आपल्याकडे सीएने लेखापरीक्षण अहवाल दिला तर त्यावर त्याची सही आणि युडीआयएन (त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो, आणि अहवाल किंवा प्रमाणपत्रात चुकीची माहिती दिली तर कलम २७१ जे खाली १०,००० रुपये दंड होतो. साध्या विवरणपत्राला यातले काहीच लागू नाही. खोट्या विवरणपत्राला साहाय्य करणाऱ्यासाठी कलम २७८ आहे, पण साहाय्य कोणी केले हेच कागदावर नसेल तर ते लावणार कोणाला? सीएला नफ्याच्या टक्केवारीवर शुल्क घेण्याची त्याच्या कायद्यानेच मनाई आहे. परताव्याच्या टक्केवारीवर काम करणाऱ्या मध्यस्थाला कसलीच शिस्त नाही. प्रामाणिक सल्लागारांनी या मागणीला घाबरू नये. नाव लिहायची वेळ आली की जे ग्राहक पळतील ते त्यांचे नाहीत, टक्केवारीवाल्यांचे.

यासाठी नवा नमुना आखण्याचीही गरज नाही. २००६ मध्ये टॅक्स रिटर्न प्रिपेअरर योजना आली, तेव्हापासून विवरणपत्राच्या नमुन्यात प्रतिज्ञेच्या खाली एक ओळ आहे : तयार करणाऱ्याचा ओळख क्रमांक, नाव आणि प्रतिस्वाक्षरी. ती फक्त त्या योजनेतल्या नोंदणीकृत लोकांपुरती आहे, म्हणून जवळपास सगळ्या विवरणपत्रांवर कोरी जाते. ‘त्या योजनेतला असल्यास’ एवढी अट काढून ‘मोबदला घेतला असल्यास’ असे लिहिले की ती भरावी लागेल.